परदेशातील चातुर्मास : चिनी धर्मविचाराचा अभ्यास



इंदूर नगरीचा हा भाग अन्नपूर्णेच्या नावाने ओळखला जातो. १९५९ मध्ये येथे देवीचे मंदिर उभे राहिले आणि पुढे रस्त्याला व भोवतालच्या वस्तीलाही तिचेच नाव मिळाले. अन्नपूर्णेचे जे रूप भाविकांच्या मनात ठसलेले आहे, त्यात देवीच्या एका हाती अन्नाचे पात्र आणि दुसऱ्या हाती पळी असते. आणि समोर भिक्षापात्र पुढे करून साक्षात विश्वनाथ उभा असतो. जो चराचराचा स्वामी, तोही घेण्याच्या वेळी याचक होतो. घेणाऱ्याचे पात्र रिकामे असावे लागते आणि ते पुढे करताना त्याला संकोच वाटता कामा नये, एवढा अर्थ या रूपातून सहज निघतो. आजचा विषय वरवर पाहता या मंदिरापासून फार दूरचा आहे. परंतु त्याचे मर्म याच अर्थात साठविलेले आहे.

अलीकडे आपल्याकडील तरुण मंडळी उन्हाळ्याच्या सुट्टीत परदेशी जाऊन सहा-आठ आठवड्यांचे अभ्यासवर्ग पुरे करतात. त्यांतील काहींचा ओढा चीनच्या धर्मपरंपरा व तत्त्वज्ञान यांच्याकडे असतो. असे वर्ग केवळ विद्यापीठांतच भरतात असे नाही. तैवानमध्ये काओश्युंगजवळ आचार्य शिंग युन यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या फो ग्वांग शान या मठात २००२ पासून काही वर्षे परदेशी विद्यार्थ्यांसाठी उन्हाळ्यात मठवासाचा वर्ग भरत असे. विद्यार्थी भिक्षूंसारखे पहाटे उठत, मौनाने जेवत आणि दिवसा व्याख्याने ऐकत. अशा वर्गांविषयी जाणत्या माणसांच्या मनात एक शंका येते आणि ती रास्तही आहे. अडीच हजार वर्षांची परंपरा दीड महिन्यात कशी कळावी? जिच्या लिपीत सामान्य वाचनासाठीच सुमारे तीन हजार चिन्हे ओळखावी लागतात, त्या भाषेतील ग्रंथ सुट्टीपुरत्या पाहुण्याला काय सांगणार?

या शंकेचे उत्तर शोधताना एक गोष्ट आठवावी. उन्हाळ्यात एका जागी राहून अभ्यास करण्याची चाल चीनमध्ये नवी नाही. आणि ती तेथे गेली आपल्याच देशातून. आषाढी पौर्णिमेला व्यासपूजा करून संन्यासी चातुर्मासासाठी एका ठिकाणी राहतो, हे मठाशी संबंध असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पावसाळ्यात वाटेवर असंख्य जीव पायाखाली येतात, म्हणून भ्रमण थांबवावे आणि तो काळ श्रवण-मननात घालवावा, असा त्यामागील हेतू. बौद्ध भिक्षूंनी हाच नियम वर्षावास म्हणून पाळला. धर्माबरोबर नियम चीनमध्ये पोहोचला; पण तेथील ऋतुमान निराळे असल्यामुळे त्याचे नाव बदलले. तेथे तो उन्हाळ्यातील निवास झाला. चौथ्या चांद्रमासाच्या पौर्णिमेपासून सातव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेपर्यंत तीन महिने भिक्षूने मठाची सीमा ओलांडू नये, असा दंडक पडला. भिक्षूचे ज्येष्ठत्वही जन्मवर्षावरून मोजले जात नसे. त्याने असे किती उन्हाळे पार पाडले, यावरून त्याची पंगतीतील जागा ठरे. इ. स. ३९९ मध्ये चांगआनहून निघालेला फाहियान आपल्या प्रवासवृत्तात वाटेतील वर्षावास कोठे कोठे केले हे टिपून ठेवतो. वाळवंट ओलांडणाऱ्या त्या वृद्ध भिक्षूचा नियम प्रवासातही मोडला नाही.

तेव्हा काळ थोडा आहे हा दोष नव्हे. चार महिन्यांत संन्यासीही सगळे वेद पुरे करीत नाही; एखादा ग्रंथ लावतो. प्रश्न आहे तो तयारीचा आणि वृत्तीचा. तयारीविषयी सातव्या शतकातील इत्सिंग या चिनी प्रवाशाचा सल्ला आजही लागू पडतो. तो ६७१ मध्ये समुद्रमार्गे निघाला. वाटेत सुमात्रा बेटावरील श्रीविजय येथे सहा महिने थांबून त्याने संस्कृत व्याकरणाचे पाठ घेतले. पुढे आपल्या ग्रंथात त्याने देशबांधवांना सांगितले की, भारतात जाऊ इच्छिणाऱ्या भिक्षूने आधी श्रीविजयात वर्ष-दोन वर्षे राहावे, तेथील रीतीभाती अंगवळणी पाडाव्यात आणि मगच मध्यदेशाकडे वळावे. जाण्यापूर्वीचे हे शिकणे ज्याला अनावश्यक वाटते, त्याचे सहा आठवडे देवळांची छायाचित्रे काढण्यातच संपतात.

वृत्तीचा प्रश्न मात्र अधिक नाजूक आहे. त्यासाठी माळव्याच्याच एका माणसाची हकिगत पाहावी लागेल.

येथून दिवसाभरात जाऊन परत येता येईल अशा उज्जयिनीत इ. स. ४९९ मध्ये भारद्वाज गोत्राच्या एका ब्राह्मण घराण्यात एक मुलगा जन्मला. तो पुढे परमार्थ या नावाने बौद्ध पंडित झाला. ५४६ मध्ये तो दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर उतरला आणि ५४८ मध्ये लिआंग वंशाच्या वू सम्राटाच्या राजधानीत पोहोचला. सम्राट धर्मप्रेमी होता. स्वागत उत्तम झाले. परंतु त्याच वर्षी बंड उसळले, राजधानी वेढली गेली आणि पुढच्या वर्षी सम्राट मरण पावला. परमार्थाच्या नशिबी भटकंती आली. एका गावाहून दुसऱ्या गावी, एका आश्रयदात्याकडून दुसऱ्याकडे, पोथ्या जवळ बाळगून तो फिरत राहिला आणि जेथे चार शिष्य मिळतील तेथे भाषांतर करीत राहिला. स्वदेशी परतण्यासाठी तो एकदा जहाजावर चढलाही. वाऱ्याने जहाज पुन्हा कँटनकडे आणून सोडले. खचून जाऊन त्याने जीव देण्याचाही विचार केला. शिष्यांनी त्याला परावृत्त केले. ५६९ मध्ये तो तेथेच वारला.

या माणसाने वसुबंधूचा अभिधर्मकोश चिनी भाषेत आणला. आपल्या दृष्टीने त्याहूनही आश्चर्याची गोष्ट म्हणजे, त्याने ईश्वरकृष्णाची सांख्यकारिका एका टीकेसह भाषांतरित केली. हा काही बौद्ध ग्रंथ नव्हे. सांख्य हे आपल्या षड्दर्शनांपैकी एक, आणि त्याचा ग्रंथ चिनी त्रिपिटकात सुवर्णसप्तती या नावाने सुरक्षित राहिला. पुढे ह्यूएनत्संगाने ६४८ मध्ये वैशेषिक दर्शनाचा दशपदार्थी नावाचा ग्रंथ भाषांतरित केला. त्याचे मूळ संस्कृत आपल्याकडे उरलेच नाही; तो आज चिनी रूपातच वाचावा लागतो. आपल्या दर्शनांचा इतिहास लिहावयाचा तर चिनी भाषेचा दरवाजा ठोठवावा लागतो, तो असा.

मराठी विद्वानांनी हा दरवाजा ठोठावला, ही अभिमानाची गोष्ट आहे. सुवर्णसप्ततीचे मूळ कोणते, या प्रश्नाचा ऊहापोह डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर यांनी १९१७ च्या भांडारकर गौरवग्रंथात केला आणि माठरवृत्तीकडे लक्ष वेधले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात १९१२ ते १९१८ या काळात गोमंतकाचे धर्मानंद कोसंबी पाली शिकवीत होते. कोसंबींनी स्वतः विद्येची भिक्षा मागितली ती अक्षरशः. काशीत संस्कृत शिकताना त्यांना अन्नछत्राचा आधार होता. तेथून पुढे नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असे फिरत त्यांनी पाली आत्मसात केली आणि भिक्षुजीवनही अनुभवले. पुढे सयाजीराव गायकवाडांच्या महिना ५० रुपयांच्या वृत्तीवर ते महाराष्ट्रात काम करण्यासाठी परतले. त्यांचे शिष्य पुरुषोत्तम विश्वनाथ बापट हे हार्वर्डला गेले आणि तेथे पालीबरोबर चिनी भाषेतही त्यांनी गती मिळविली.

बापटांच्या कामाचे स्वरूप थोडक्यात सांगण्यासारखे आहे. बुद्धघोषाचा विसुद्धिमग्ग सर्वांना ठाऊक होता. त्याच धाटणीचा विमुत्तिमग्ग नावाचा उपतिष्याचा ग्रंथ मूळ भाषेत लुप्त झाला होता, मात्र इ. स. ५१५ मध्ये झालेले त्याचे चिनी भाषांतर उपलब्ध होते. बापटांनी दोन्ही ग्रंथ ओळीने ताडून पाहिले आणि १९३७ मध्ये तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. बुद्धघोष ‘काही जणांचे मत’ म्हणून जे मोघमपणे सांगतो, त्यातील काही मते चिनी ग्रंथात उपतिष्याच्या नावावर उभी आहेत, हे त्यातून दिसून आले. १९५१ मध्ये शांतिनिकेतनातून त्यांचे अर्थपदसूत्राचे चिनीवरून केलेले भाषांतर निघाले. १९७० मध्ये हिराकावा या जपानी पंडितांच्या सहकार्याने विनयावरील एका टीकेच्या चिनी रूपाचे भाषांतर भांडारकर संस्थेने प्रसिद्ध केले. तोवर बापटांनी वयाची पंचाहत्तरी ओलांडली होती.

त्यांचेच सहकारी वासुदेव विश्वनाथ गोखले जर्मनीत शिकले. आर्यदेवाच्या नावावर असलेला शताक्षर हा छोटा ग्रंथ त्यांनी चिनी व तिबेटी साधनांवरून १९३० मध्ये हायडेलबर्ग येथे प्रसिद्ध केला. पुढे राहुल सांकृत्यायन यांनी तिबेटातील मठांत हस्तलिखितांची छायाचित्रे घेतली; त्यांवरून अभिधर्मकोशाच्या मूळ संस्कृत कारिका गोखल्यांनी १९४६ मध्ये छापून दिल्या. उज्जयिनीच्या परमार्थाने जो ग्रंथ चीनला दिला, त्याच्या मूळ कारिका चौदा शतकांनी पुण्याच्या एका प्राध्यापकाच्या हातून पुन्हा प्रकाशात आल्या.

ही परंपरा मोठी आहे. परंतु तिच्याकडे पाहूनच एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. या विद्वानांनी चिनी भाषा शिकली ती मुख्यत्वे हरवलेले भारतीय ग्रंथ परत मिळविण्यासाठी. ते बौद्ध विद्येचे अभ्यासक होते. त्यांनी पत्करलेले काम तेच होते आणि ते त्यांनी सचोटीने पार पाडले. त्यांच्या मागून जाणारा विद्यार्थी मात्र नकळत वेगळीच वृत्ती घेऊन जातो. चीनमध्ये जे काही थोर दिसेल ते आपण दिलेले, अशी त्याची समजूत असते. हातात भिक्षापात्र असावे, तेथे वसुलीची वही असते. देवळात अवलोकितेश्वर दिसला की एक खूण; ‘ध्यान’ शब्दाचा चिनी उच्चार ‘छान’ आणि त्याचाच जपानी ‘झेन’ झाला, हे कळले की दुसरी खूण. खुणा पुऱ्या झाल्या की अभ्यास संपला! सावकाराला ऋणकोच्या घरात फक्त आपलेच पैसे दिसतात. त्या घरातील माणसे कशी जगतात हे दिसत नाही.

चीन ही आपली हरवलेली पुस्तके जपून ठेवणारी पेटी नव्हे. तेथे बौद्ध धर्म पोहोचण्यापूर्वी निदान पाच शतके स्वतंत्र तत्त्वचिंतन बहरलेले होते. कन्फ्यूशियसचा काळ परंपरेने इ. स. पू. ५५१ ते ४७९ असा धरतात. त्याने मृत्यूनंतरच्या गतीपेक्षा माणसामाणसांतील वागणुकीला महत्त्व दिले. पिता-पुत्र, राजा-सेवक, पती-पत्नी, थोरला-धाकटा, मित्र-मित्र या नात्यांतील विधी नीट पाळला की माणूस माणूस होतो, ही त्या परंपरेची श्रद्धा. माणसाचा मूळ स्वभाव चांगला की वाईट, यावर मेन्शियस आणि शुन्-त्से यांनी परस्परविरुद्ध मते मांडली. लाओ-त्से आणि च्वांग-त्से यांच्या नावावरील ग्रंथांनी विधींच्या या साऱ्या व्यवस्थेलाच प्रश्न विचारले आणि पाण्यासारखे निरायास वागणे श्रेष्ठ ठरविले. शिवाय सामान्य चिनी गृहस्थ या मार्गांपैकी एकच निवडतो असे नाही. तो घरी पितरांना धूप दाखवितो, संकटात ताओ पंथाच्या पुरोहिताला बोलावितो आणि अंत्यविधीला बौद्ध भिक्षूंकडून पाठ करवितो. ‘तुमचा धर्म कोणता?’ हा प्रश्न त्याला विचित्र वाटतो. कुलदैवत, ग्रामदैवत आणि पंढरीची वारी ही सारी एकाच घरात नांदलेली ज्याने पाहिली आहेत, त्या मराठी माणसाला तरी हे समजावयास जड जाऊ नये.

जुळणारे दिसले की थांबावे आणि वेगळे कोठे आहे ते शोधावे, हा अशा अभ्यासाचा पहिला नियम होय. दोन-तीन उदाहरणांनी तो विशद करता येईल.

पहिले उदाहरण संन्यासाचे. भिक्षूंचा संघ चीनमध्ये रुजू लागला तेव्हा त्याच्यावर मोठा आक्षेप आला तो मातृपितृभक्तीचा. शरीर आईबापांनी दिलेले. ते अखंड ठेवावे, मुंडन करू नये. वंश चालवावा, पितरांना अन्न द्यावे, हे पुत्राचे कर्तव्य. मग घर सोडणारा भिक्षू हा धार्मिक की कृतघ्न? हा वाद शतकानुशतके चालला. भिक्षूने राजाला वंदन करावे काय, हाही प्रश्न त्यातूनच उठला आणि हुई-युआन या आचार्याने पाचव्या शतकाच्या आरंभी त्यावर निबंध लिहून भिक्षूची बाजू मांडली. आपल्याकडे हा पेच नव्हता असे नाही. संन्यास घेऊन पुन्हा गृहस्थाश्रमात आलेल्या विठ्ठलपंतांच्या मुलांना आळंदीत काय सोसावे लागले, हे मराठी मनाला वेगळे सांगावे लागत नाही. आद्य शंकराचार्यांनी संन्यासी असूनही मातेचे अंत्यसंस्कार केले ही कथाही सर्वश्रुत आहे. पेच तोच, परंतु निवाडे निराळे. आपल्याकडे आक्षेप आला तो आश्रमाची मर्यादा ओलांडून घरी परत येण्यावर; तेथे आक्षेप आला तो मुळात घर सोडण्यावरच. एवढा फरक लक्षात आला तरी दोन्ही समाजांच्या मनाची घडण उकलू लागते.

चीनने या पेचावर काढलेला तोडगाही पाहण्यासारखा आहे. सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला, म्हणजे बहुधा आपल्या श्रावणी पौर्णिमेच्या सुमारास, भिक्षूंचा उन्हाळी निवास संपतो. त्याच दिवशी उल्लंबन नावाचा उत्सव असतो. त्याची कथा मौद्गल्यायनाची. प्रेतयोनीत भुकेने तळमळणाऱ्या आईला त्याने अन्न दिले, पण घास तोंडाशी जाताच त्याचे निखारे झाले. तेव्हा बुद्धाच्या सांगण्यावरून त्याने निवास पुरा केलेल्या भिक्षुसंघाला अन्नदान केले आणि आईची सुटका झाली. पात्राचे नाव भारतीय, संघाला दान देण्याची चालही भारतीय. पण भिक्षू हाच श्रेष्ठ पुत्र ठरतो, हा कथेचा जो अर्थ चिनी मनाने उचलून धरला, तो त्या समाजाच्या गरजेतून आलेला आहे. उन्हाळी वर्गाला गेलेल्या विद्यार्थ्याला हा उत्सव प्रत्यक्ष पाहता येण्याचा संभव असतो. त्याने आपला पितृपक्ष आठवावा, पण ‘हे तर आपलेच’ असे म्हणून पाठ फिरवू नये.

दुसरे उदाहरण अन्नाचेच आहे. आपल्याकडे भिक्षा मागणे हा यतीचा धर्म. विनयाच्या नियमांनुसार भिक्षूला जमीन खणण्याचीही मनाई होती, कारण त्यात जीवहिंसा होते. चीनमध्ये श्रम न करता खाणाऱ्याकडे लोक संशयाने पाहत. तेथील छान पंथाने निराळी वाट धरली. भिक्षू शेतात राबू लागले. ८१४ मध्ये मृत्यू पावलेल्या बायचांग आचार्यांविषयी अशी कथा सांगतात की, वृद्धपणी त्यांचे कष्ट पाहून शिष्यांनी त्यांची कुदळ लपवून ठेवली. तेव्हा आचार्य जेवणाला बसले नाहीत. ज्या दिवशी काम नाही, त्या दिवशी अन्न नाही, असा त्यांचा बाणा होता. हत्यारे परत मिळाली तेव्हाच त्यांनी अन्न घेतले. नियम मोडला असे कोणी म्हणेल; नियमाचे हृद्गत निराळ्या मातीत जपले असेही कोणी म्हणेल. निवाडा देण्याची घाई नको. दोन्ही म्हणण्यांना आधार कोठे आहे हे आधी पाहावे.

तिसरे उदाहरण तत्त्वविचाराचे. यिन् आणि यांग् ही चिनी जोडी ऐकताच आपल्याकडील माणूस ‘म्हणजे प्रकृती आणि पुरुष!’ असे म्हणून मोकळा होतो. सांख्याचा पुरुष साक्षी आहे. तो काही करीत नाही, बदलत नाही. प्रकृतीहून आपण वेगळे आहोत हे कळणे, म्हणजेच दोघांचा विवेक, हे सांख्याचे कैवल्य. यिन् आणि यांग् यांचे नाते याच्या नेमके उलट आहे. दोन्ही सतत हालती आहेत. एक शिगेला पोहोचले की दुसऱ्यात वळते, जसा मध्यान्हानंतर दिवस रात्रीकडे झुकतो. त्यांचा वियोग हे ध्येय नव्हे. मेळ हे ध्येय. एका बाजूला विवेक आणि दुसऱ्या बाजूला समतोल. ही दोन ध्येये एकच समजली, तर परमार्थाने जे सांख्य इतक्या हालअपेष्टा सोसून चीनला नेले तेही कळले नाही आणि चीनचे तेही कळले नाही.

शब्दाला शब्द जुळविण्याचा हा धोका जुन्या पंडितांनी चांगला ओळखला होता. आरंभीच्या चिनी भाषांतरकारांनी बौद्ध कल्पनांसाठी ताओ पंथाचे शब्द वापरले; चौथ्या शतकात ताओ-आन या आचार्याला ही रीत खटकू लागली. ह्यूएनत्संगाच्या बाबतीत प्रसंग उलट दिशेने आला. कामरूपाच्या भास्करवर्मा राजाने लाओ-त्सेच्या ग्रंथाची मागणी केली होती, असे चिनी ग्रंथांत नमूद आहे. सम्राटाच्या आज्ञेने ६४७ मध्ये त्या ग्रंथाचे संस्कृत भाषांतर करण्याचे काम ह्यूएनत्संग आणि ताओ पंथाचे पंडित यांच्यावर सोपविण्यात आले. वाद पेटला तो पहिल्याच शब्दावर. ‘ताओ’ला ‘बोधि’ म्हणावे, असा ताओपंथीयांचा आग्रह. ह्यूएनत्संगाने तो मानला नाही. बोधि म्हणजे जागृती. ताओ म्हणजे वाट. म्हणून शब्द ‘मार्ग’ हाच, असे त्याचे म्हणणे. ‘बोधि’ म्हटले असते तर दोन्ही पक्षांना बरे वाटले असते. पण ज्याने नालंदेत शीलभद्रांच्या पायाशी बसून शास्त्र आणि व्याकरण यांचे वर्षानुवर्षे अध्ययन केले होते, त्याला सोयीपेक्षा शब्दाची किंमत अधिक होती.

याच ह्यूएनत्संगाने महाराष्ट्र आणि माळवा हे दोन्ही प्रदेश पाहिले. पुलकेशीच्या प्रजेचा मानीपणा त्याने टिपला. माळव्याविषयी तर त्याने असे लिहिले की, भारतात विद्येचा आदर करणारे दोन देश विशेष आहेत, ईशान्येस मगध आणि नैर्ऋत्येस माळवा. परक्या देशात येऊन तेथील गुण असे मोकळेपणाने नोंदविणे, हेच विद्यार्थ्याचे लक्षण. त्याने आपल्याला जे दिले, ते त्याच्या देशाला आपण दिले आहे काय, हा प्रश्न माळव्याने स्वतःला विचारावयास हरकत नाही.

आता सहा आठवड्यांत काय करावे, याविषयी थोडेसे. जाण्यापूर्वी दोन-तीनशे चिन्हे आणि उच्चारांचे चार स्वर तरी शिकून घ्यावेत. नाव विचारता येणे आणि आभार मानता येणे एवढ्यानेही माणसे जवळ येतात. वाचनासाठी एकच ग्रंथ निवडावा, आणि त्याची दोन निरनिराळी भाषांतरे समोर ठेवावीत. जेथे ती जुळत नाहीत तेथेच मूळ शब्द दडलेला असतो. तो गुरूला विचारावा. कन्फ्यूशियसचे मंदिर, ताओ पंथाचे देवस्थान आणि बौद्ध मठ ही तिन्ही पाहावीत; एकाच मठातून साऱ्या चीनविषयी मत बनवू नये. इतिहासही विसरू नये. १९६६ पासूनच्या सांस्कृतिक क्रांतीत मुख्य भूमीवरील असंख्य देवळे बंद पडली वा उद्ध्वस्त झाली. १९७८ नंतर हळूहळू ती पुन्हा उघडू लागली. त्या काळात तैवान, हाँगकाँग आणि आग्नेय आशियातील चिनी वस्त्यांनी कितीतरी चाली जतन केल्या. म्हणून मुख्य भूमीवर दिसते तेवढेच चिनी, असे मानू नये. आणि आज उघडलेल्या देवळात धूप लावणाऱ्या आजीबाईने मधल्या वर्षांत ती श्रद्धा कशी सांभाळली असेल, याचाही विचार करावा.

आपल्या देशातही ही वाट सरळ राहिलेली नाही. रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात १९३७ मध्ये तान युन-शान यांच्या प्रयत्नांनी चीनभवन उघडले तेव्हा केवढ्या आशा होत्या! १९६२ च्या युद्धाने त्या आशांवर पाणी पडले आणि चिनी भाषा शिकणाऱ्याकडेही लोक संशयाने पाहू लागले. परंतु युद्धानंतरही बापट आपल्या विनयटीकेवर काम करीत राहिले. १९७० चे ते पुस्तक त्याची साक्ष आहे. शेजारी राष्ट्राशी तंटा असला म्हणजे त्याचे मन समजून घेण्याची गरज संपत नाही. उलट ती वाढते.

चातुर्मास संपला की यती सीमोल्लंघन करतो. चार महिने ज्या गावाचे अन्न घेतले, त्या गावाला आशीर्वाद देऊन तो पुढच्या गावी जातो आणि जे मनन केले ते तेथे सांगतो. परदेशातील उन्हाळा संपवून येणाऱ्या विद्यार्थ्याचेही असेच व्हावे. त्याने परत आल्यावर एक तरी चिनी उतारा मुळाच्या आधाराने मराठीत आणावा, मग तो दहा ओळींचा का असेना. आणि ज्या शब्दाला मराठीत जोड सापडली नाही, त्याच्यापुढे प्रामाणिकपणे जागा कोरी सोडावी. ती कोरी जागा पुढच्या विद्यार्थ्याला पुन्हा तिकडे घेऊन जाईल.